मागाल ते मिळणार नाही

आमच्या वाचनालयात पुस्तकं हजार-अकराशे, त्यातली बरीचशी वाळवीनं वाचलेली. किस्से मात्र मोजायची सोय नाही. एका खोलीत चार माणसं बसवा, त्यातल्या दोघांना आपण फार शहाणे आहोत असं वाटू द्या, आठवड्याला एक भानगड ठरलेली! आमच्याकडं खोली एकच होती आणि शहाणेही दोनच होते, पण ते दोघं मिळून अख्ख्या कळंब तालुक्याला पुरले असते.

पहिले आप्पा. वाचनालयाचे अध्यक्ष. दूध सोसायटीचेही अध्यक्ष. दुष्काळात जनावरांची छावणी निघाली, तर तिचेही अध्यक्ष. गावात चार माणसं उकिरड्याजवळ बोलत उभी राहिली तरी आप्पा येऊन अध्यक्ष व्हायचे. दुसरे गुरुजी, रिटायर हेडमास्तर, आता ग्रंथपाल. आणि मी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून उस्मानाबादहून परत आलेला. घरचे म्हणायचे, कॉलेजनंच ह्याला सोडलं. मामानं आप्पांच्या हातापाया पडून मला इथं चिकटवलं. हुद्दा लिपिकाचा, काम झाडू मारायचं. आप्पा मला नावानं कधी हाक मारायचे नाहीत. "ए कॉलेज!" म्हणायचे.

गुरुजींनी दारावर लिहून ठेवलं होतं : 'मागाल ते मिळणार नाही. लागेल ते मिळेल.' पाचही कपाटांना कुलपं, चाव्या गुरुजींच्या करगोट्याला. वाचक आला की डॉक्टर जीभ बघतो तसं गुरुजी त्याला वरून खाली बघायचे आणि चिठ्ठी लिहायचे. तिला म्हणायचं शिफारस. शिफारशीतलं पुस्तक घ्या, नाहीतर घरी जा.

या नियमात सगळ्यात वाईट अडकली ती विमल. बौद्धवाड्यातली, मॅट्रिक झालेली, रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. नर्सच्या ट्रेनिंगची परीक्षा दोन महिन्यांवर आलेली आणि शरीरशास्त्राचं एकुलतं एक पुस्तक चौथ्या कपाटात, काचेतून दिसणारं. तिनं मागितलं. गुरुजींनी तिला वरून खाली बघितलं आणि म्हणाले, "ते तुझ्या उपयोगाचं नाही."

"मग कुणाच्या उपयोगाचं हाय गुरुजी? दहा वर्षांत कुणी नेलं न्हाय ते."

"म्हणूनच कोरं राहिलंय!" गुरुजी म्हणाले.

*

रहीमचाचा टेलर. दिवसभर मशीन चालवून डोकं भणभणायचं म्हणून त्यांनी एक खुनाची कादंबरी मागितली. गुरुजींनी त्यांच्या गळ्यातली टेप बघितली आणि नववीची भूमिती दिली.

"चाचा, धंद्याला उपयोगी पडेल. कोन, त्रिकोण, वर्तुळ."

चाचा भला माणूस. घरी नेली, रोज दोन पानं वाचली. पंधरा दिवसांनी परत आणून टेबलावर ठेवली.

"कशी वाटली?" गुरुजींनी विचारलं.

"किताब अच्छी है गुरुजी. लेकिन खून कौन करा, आखिर तक समज्या नै!"

*

नागू धनगराच्या मेंढरांना खुरी झाली होती. तो वाडा सोडून चार कोस चालत आला आणि म्हणाला, जनावराच्या दुखण्यावर काय असंल तर द्या. त्याला अक्षर लावून लावून वाचता यायचं.

गुरुजी म्हणाले, "नागू, तू रानात एकटा असतोस. मन भरकटतं. तू हे घे." ध्यानधारणेचं दिलं.

मी म्हटलं, "गुरुजी, दुखणं मेंढरांना आहे."

"तू कॉलेज सोडलेला माणूस. तू बोलू नकोस."

नागूनं पुस्तकात लिहिल्याप्रमाणं केलं. बाभळीखाली बसला, डोळे मिटले, श्वासावर लक्ष दिलं. तेवढ्यात मेंढरं लंगडत लंगडत आप्पांच्या मळ्यात शिरली आणि विहिरीच्या कडेचा उरलासुरला मका साफ करून आली. आप्पा तणतणत वाचनालयात आले. "कुठाय तो धनगर? जित्ता गाडतो त्याला!"

गुरुजींनी शांतपणे दौतीत टाक बुडवला आणि आप्पांच्या नावानं चिठ्ठी लिहिली. राग आवरण्यावरचं पुस्तक!

आप्पांनी ते नेलं. आजपर्यंत आणून दिलं नाही आणि मागायची कुणाची छातीही झाली नाही.

*

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी सरकारकडून भेट म्हणून पुस्तकांची एक ट्रंक आली. मी आशेनं उघडली. निम्मी पुस्तकं मत्स्यपालनावर आणि निम्मी पुराच्या वेळी घ्यायच्या काळजीवर.

गावात विहिरींचा तळ दिसत होता. टँकर दिवसाआड यायचा, कधी तेही नाही. गुरुजींनी फळा पुसून नवीन अक्षरात लिहिलं : 'या आठवड्याची शिफारस. पूर आल्यास काय करावे?'

एवढ्यावर थांबतील तर ते गुरुजी कसले! टँकरच्या रांगेत बायका रिकाम्या उभ्या असतात, तेवढंच ज्ञान पडेल कानावर, म्हणून मला तिथं जाऊन मोठ्यानं वाचायला लावलं. मी वाचलं. 'पाणी घरात शिरू लागताच उंच जागी जावे. धान्य माळ्यावर ठेवावे. घाबरून जाऊ नये.'

रांगेत सगळ्यात पुढं येसूआजी, दोन घागरी घेऊन पहाटेपासून बसलेली. तिनं कमरेवर हात ठेवले.

"आरं मुडद्या, आधी पूर तर येऊ दे! म्या बुडाया तयार हाय!"

*

विमलला पहिल्या खेपेला गुरुजींनी लोणच्यांचं पुस्तक दिलं. लिंबाचं, कैरीचं, करवंदाचं, पाकातलं, तेलातलं. तेव्हा गावात लिंबाच्या झाडाला काटे तेवढे शिल्लक होते.

मला वाटलं, ही ते पुस्तक गुरुजींच्या तोंडावर फेकणार. तिनं ते कामावर नेलं. दुपारच्या सुट्टीत बायका कोरडी भाकर आणि मिरची घेऊन बसल्या की ही मोठ्यानं वाचायची. 'कैऱ्या धुऊन पुसून घ्याव्यात. मोहरी फेसावी. हिंग तेलात सोडावा.' बायका डोळे मिटून ऐकायच्या आणि भाकर खायच्या. चौथ्या दिवशी मुकादमच भाकर घेऊन येऊन बसला. पाचव्या दिवशी सुट्टी संपली तरी कोण उठंना, कारण मुरंब्याचा पाक अजून एकतारी झाला नव्हता!

मुकादमाच्या वरच्या साहेबानं आप्पांकडं तक्रार केली : वाचनालय मजुरांना बिघडवतंय.

गुरुजींनी विमलला बोलावून घेतलं. मी बाजूलाच होतो. मला वाटलं, आता तरी शरमून शरीरशास्त्र देतील. तर म्हणाले, "तुला वाचनाची गोडी लागली, चांगलं झालं. आता हे भरतकामाचं ने."

ती बाहेर आली तेव्हा परीक्षा दीड महिन्यावर होती. माझं टाळकं सटकलं. म्हटलं, "विमल, कुलूप पत्र्याचं आहे. एका दगडात फुटंल. आज घेऊन जा."

"न्हाय दादा. चोरून वाचून नर्स झाले तर सुई टोचताना हात थरथरंल. रजिस्टरात माझं नाव लिहायचं, सही करायची आन मग न्यायचं."

"गुरुजी मेल्याशिवाय ते व्हायचं नाही."

"मग त्यांच्या तब्येतीला जपा. मरायच्या आत मला सही पायजे."

*

आता म्हशींचं सांगतो.

छावणी वाचनालयाच्याच अंगणात होती, कारण गावात तेवढीच कुंपणाची जागा. खिडकीतून हात बाहेर काढला की म्हशीच्या पाठीला लागायचा. आप्पांनी एकदा आमच्याच टेबलावर पेपरात वाचलं की परदेशात गाईंना संगीत ऐकवतात आणि त्या दूध जास्त देतात. आप्पांनी पेपर आपटला. "गुरुजी, आपल्याकडं चावीचा फोनो आहे, तबकड्या आहेत. जनावरांना काय लावायचं, शिफारस करा!"

गुरुजींनी दोन दिवस घेतले. खरंच! छावणीत फिरून एकेका म्हशीला वरून खाली बघून आले. मग निर्णय दिला : "म्हैस मूळची सात्त्विक. सनई लावा. पोवाडा अजिबात नको, शिंगं आहेत त्यांना."

मी तबकडी काढायला हात घातला तर गुरुजींनी हात धरला. "नियम काय आहे? तबकडी फक्त सभासदाला."

मी गमतीनं म्हटलं, "मग म्हशींना सभासद करा."

त्या खोलीत गंमत कुणाला कळायची? आप्पा म्हणाले, "करा!" आणि गुरुजींनी अठरा अर्ज काढले. नाव चंद्री. राहणार छावणी. व्यवसाय दूध. शिक्षण निरंक. सहीच्या जागी शाईच्या पॅडवर खूर दाबून ठसा. एकीनं पॅड फोडला, तिचा अर्ज दुसऱ्यांदा भरावा लागला.

दूध थेंबभरही वाढलं नाही. वाढेल कसं, वैरण मूठभर! पण सनई लागायची ती नेमकी वैरण वाटपाच्या वेळी. आप्पा खुर्चीतून उठून स्वतः पेंढ्या मोजून द्यायचे. महिनाभरात असं झालं की सनईचा पहिला सूर निघाला की अठराच्या अठरा म्हशी एकदम उभ्या राहायच्या.

*

वार्षिक सभा आली. परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते.

जिल्ह्याहून निरीक्षक आले होते. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या, सोबत एक वही. सभासद आले एकतीस, गणपूर्तीला पाहिजेत चाळीस. निरीक्षक म्हणाले, "सभा रद्द करावी लागेल." सभा रद्द झाली तर वाचनालयाचा वर्ग खाली जाणार, सरकारी अनुदान घटणार. आप्पांचा चेहरा उतरला. मग त्यांनी खिडकीकडं बोट केलं.

"अठरा सभासद अंगणात हजर आहेत. गुरुजी, रजिस्टर दाखवा."

गुरुजींनी दाखवलं. निरीक्षकांनी नावं वाचली, ठसे बघितले, पान उलटलं. खिडकीकडं मान वळवली, मान हलवली आणि वहीत लिहिलं : उपस्थिती एकोणपन्नास.

हिशेब झाले, आभार झाले, आप्पांचं कौतुक झालं. मग विमल उठली.

"माझा ठराव हाय. कपाटांची कुलपं काढावीत. ज्याला जे वाचायचं ते त्यानं हातानं काढून, सही करून न्यावं."

सगळ्यांनी आप्पांकडं बघितलं. टँकरची पाळी आप्पांच्या हातात, वैरणीची चिठ्ठी आप्पांच्या हातात. आप्पा हसले. त्यांना कोण उभं राहतंय ते बघायचंच होतं.

"घ्या की मतदान! जे बाजूनं असतील त्यांनी उभं राहावं. आम्हालापण तोंडं बघू द्या."

रहीमचाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. नागू उठला. आणखी सहा जण इकडंतिकडं बघत उठले. विमल धरून नऊ. बाकी बावीस जण जमिनीकडं बघत बसून राहिले. त्यात माझा मामाही होता. मी पगारी माणूस, मला मत नाही.

"झालं?" आप्पा म्हणाले. "लिहा गुरुजी. ठराव..."

विमल खोलीच्या कोपऱ्यात गेली. फोनोची चावी सावकाश फिरवली. तबकडीवर सुई ठेवली.

सनई वाजली.

बाहेर धपधप आवाज झाला. खिडकी अंधारली. अठरा म्हशी उभ्या राहिल्या होत्या, माना आत घातलेल्या.

"ए, बंद कर ते!" आप्पा ओरडले. पण गुरुजी बोट पुढं करून मोजायला लागले होते. गुरुजींनी आयुष्यभर नियमच पाळले होते, दुसरं काही त्यांना येत नव्हतं. "दहा, अकरा, बारा..."

"गुरुजी, म्हशी आहेत त्या!"

"सभासद आहेत आप्पा. तुम्हीच आत्ता सांगितलंत. चंद्री, तेवीस. मुरी, चोवीस..." सत्तावीस झाल्यावर गुरुजी थांबले. मग त्यांचं बोट हळूच आप्पांकडं वळलं.

आप्पा उभे होते. एक पाऊल दाराकडं टाकलेलं, पेंढ्या मोजायला निघालेले.

"अध्यक्ष उभे. अठ्ठावीस. बसलेले एकवीस. ठराव मंजूर!"

गुरुजींनी करगोट्याच्या चाव्या सोडल्या आणि टेबलावर ठेवल्या. विमलनं चौथं कपाट उघडलं, पुस्तक काढलं, रजिस्टर ओढलं आणि इतकी सावकाश सही केली की मला वाटलं, सनई संपेल पण सही संपायची नाही.

जाताना निरीक्षकांनी शेरेबुकात शेरा लिहिला. तो अजून तिथं आहे, कुणीही येऊन वाचावा :

'सभासदांची उपस्थिती व उत्साह समाधानकारक. वाचनालयास जागा अपुरी. बरेच सभासद सभा संपेपर्यंत बाहेर उन्हात उभे होते. त्यांच्यासाठी शेड बांधावी.'