भुतं उन्हाळ्यात येतात

माझ्या बाबांनी आयुष्यात एकूण तेवीस भुतं पाहिली. एकाच दुपारी, रीतसर तिकीट काढून.

बाबांना जाऊन आज एक वर्ष झालं.
सकाळपासून फोन येताहेत. सगळे जपून जपून बोलताहेत. आणि मी इथे सिडनीतल्या स्कोफिल्ड्सच्या घरात हीटरसमोर बसून त्या तेवीस भुतांवर हसतेय.
म्हटलं, लिहूनच टाकावं.

बाबा म्हणजे पुण्यातले रेफ्रिजरेशनवाले. तीस वर्षं कोल्ड स्टोरेजची मशिनं सांभाळली. खिशात पेन नसेल, पण टेस्टर असायचाच.

आई गेल्यावर मी त्यांना सिडनीला घेऊन आले. ते आले, पण दोन वर्षं आईचं नाव काढलं नाही. तिचा फोटो सुटकेसमध्ये, कपड्यांच्या खाली.
मी विषय काढला की लगेच उठायचे. "आज कचऱ्याचा कुठला बिन गं, लाल की पिवळा?"

मला राग यायचा. माझीही आई होती ना ती!
तिच्याबद्दल बोलायला मला घरात एकच माणूस होता, आणि तो बिन ढकलत बाहेर.

मग जुलैच्या स्कूल हॉलिडेजमध्ये आम्ही टोकियोला गेलो. मी, बाबा आणि माझी लेक रिया. ती तेव्हा नऊ वर्षांची. इथे तेव्हा थंडी, म्हणून स्वेटर घालून निघालो आणि तिथे उतरल्या उतरल्या घामाने निथळलो.

तिथे उन्हाळा हा भुतांचा सीझन असतो, हे आम्हाला गेल्यावर कळलं. आपल्याकडे उन्हाळ्यात आंबे, त्यांच्याकडे भुतं. भुतांच्या गोष्टी, भुतांचे बंगले, भुतांच्या चित्रांची प्रदर्शनं.

पहिल्या दिवशी भूतबंगला. रिया किंचाळून किंचाळून बेजार. बाबा शांतपणे बाहेर आले आणि म्हणाले, "डाव्या कोपऱ्यात ब्लोअर लपवलाय. म्हणून मानेला गार लागतं. फिटिंग छान आहे."
"आजोबा, यू रुइन्ड इट!"

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. जुनी, शाईत काढलेली भुतांची चित्रं, छताजवळून खाली लांबलचक टांगलेली.
हॉलमध्ये शिरताच बाबांनी तळहात हवेत धरला. "बावीस डिग्री. ह्युमिडिटीपण कंट्रोलमध्ये. शाब्बास!"
चित्रं नंतर.

तिथे एक व्हॉलंटियर आजी होत्या. फोनमध्ये जपानी बोलायच्या, फोन आम्हाला इंग्लिश ऐकवायचा. त्यांनी सांगितलं की भुताकडे पाहिलं की अंगावर काटा येतो, आणि काटा आला की गार वाटतं, म्हणून ही चित्रं उन्हाळ्यात लावतात.

बाबा खूश! "म्हणजे एसी नव्हते तेव्हा हे लोक भुतं टांगायचे? काय डोकं आहे! गॅस भरायला नको, फिल्टर धुवायला नको."
आणि मोजायलाच लागले. हे सातवं, हे आठवं.

रियाचं लक्ष भलतीकडेच. "आजोबा, व्हेअर आर देअर फीट?"
खरंच की. एकाही भुताला पाय नाहीत. कमरेखाली शाई पुसट होत जाते आणि मग नुसता कागद.
"यांच्या भुतांना नसतात वाटतं."
"अँड इंडियन घोस्ट्स?"
"आपल्याकडच्यांना असतात. पण उलटे."
"दॅट्स सो मच वर्स!"

तेविसाव्यापाशी बाबा थांबले.
एक बाई. केस मोकळे, मान जराशी कललेली. भीती वाटावी असं काहीच नाही. दारातून डोकावून "चहा टाकू का?" विचारेल अशी.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, चला, निघू या.

"शालूलापण पाय नव्हते," बाबा म्हणाले.

शालू म्हणजे माझी आई. दोन वर्षांनी तिचं नाव, तेही तिथे, परक्या देशात.
मी म्हटलं, "अहो बाबा, काहीतरीच काय!"

"फोटोत गं. टाचांना भेगा होत्या ना तिच्या. कॅमेरा दिसला की साडी खाली ओढायची. एकाही फोटोत पाय सापडायचे नाहीत. लग्नाच्या फोटोग्राफरशी भांडली होती, पाय घेऊ नका म्हणून. मी म्हटलं, अगं, लोकांना वाटेल मी भुताशी लग्न केलं."

"मग?"

"म्हणाली, मग जरा घाबरून राहा."

मी हसायला लागले. बाबाही. मग दोघंही रडायला लागलो, आणि तरी हसू थांबेना. व्हॉलंटियर आजी बिचाऱ्या धावत आल्या. फोनने विचारलं, "आर यू फीलिंग कूल नाऊ?"
डोळे पुसत बाबा म्हणाले, "व्हेरी कूल."

त्यानंतर बाबा थांबलेच नाहीत. ट्रेनमध्ये आई, जेवताना आई, विमानात नऊ तास आई. तिचं भांडण, तिची आमटी, तिचं बाबांच्या पत्र्याच्या टूलबॉक्समध्ये दागिने लपवणं. मला माहीत नसलेली आई मला बाबांनी दिली.

घरी आल्यावर फोटो सुटकेसमधून बाहेर आला. त्या चित्राचं पोस्टकार्ड आणलं होतं, ते बाबांनी हॉलमधल्या एसीच्या बटनांच्या वर चिकटवलं. घरात नियमच केला. गरम झालं की आधी हिच्याकडे बघायचं, मग बटन.
जानेवारीत त्रेचाळीस डिग्रीला रिया ओरडायची, "आजोबा, आजी इज नॉट वर्किंग!"

पुढच्या जुलैत बाबा गेले. झोपेतच, आईची एक गोष्ट अर्धी सोडून.

आज सकाळी रियाने एक चित्र काढून पोस्टकार्डाच्या शेजारी चिकटवलं. टक्कल, चष्मा, खिशात टेस्टर.
पाय नाहीत.

त्याचा एक कोपरा सुटत होता, तो मी नीट दाबला.

बाबा, नमस्कार. आईला सांगा, पाय झाकलेले आहेत.
उन्हाळ्यात भेटू.