मुठींच्या रबरांची तिसरी जोडी

आमचे हे ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. कोल्हापुरातल्या एका दुकानात नोकरी, आणि गावोगाव हिंडायला दुकानाची मोटरसायकल. लढाई संपल्यावर मिलिटरीनं मोडीत काढलेली. आज कळंब्याला विहिरीवरचं इंजिन, उद्या आजऱ्याला भातगिरणीचं. गाडी चालवता येत होती म्हणून नोकरी होती, एवढा सरळ हिशेब. एका साली ते गाडीवरून दोनदा पडले. मालक म्हणाले, "आता पडलात की गाडी दुसऱ्याला देणार."

ह्यांचं एकच पालुपद. हँडलच्या मुठींची रबरं गुळगुळीत झाल्यात, हात घसरतोय. म्हणून रबरं बदलली. दोन महिन्यांनी परत बदलली. तिसरी जोडी आणली तेव्हा माझं डोकंच फिरलं. "रबराला काय धाड भरलीया? तुमास्नी नीट धरायला काय हुतंय?" मी म्हणाले. "तुला काय कळतंय त्यातलं," ते म्हणाले. दुकानात बदलली तर मालकाच्या कानावर जाईल, म्हणून रविवारी सकाळी दारातच काम काढलं.

जुनी रबरं त्यांनी ब्लेडनं चिरून काढली. दांड्याला राहिलेला चिकटा मी रॉकेलच्या फडक्यानं पुसला. नवं रबर आवळ असतं, तसं चढत नाही. गरम पाण्यात टाकून मऊ करायचं आणि मऊ आहे तोवर पिळून बसवायचं. मी चुलीवरनं उकळत्या पाण्याचं पातेलं आणून त्यांच्यापुढं ठेवलं, त्यात रबरं टाकली आणि चिमटा आणायला आत गेले. तोंडानं बडबड चालूच होती, धड धरता येत न्हाय आणि रबराला नावं ठेवायची.

बाहेर आले तर ह्यांचा उजवा हात मनगटापर्यंत पातेल्यात. रबर चाचपडत होते. तोंडावर वाफ येत होती. माझ्याकडं बघून म्हणाले, "पाणी कोमटच हाय की गं. आणि जरा तापीव."

मी हात ओढून बाहेर काढला. लालबुंद झालेला, कातडं सुटायला लागलेलं. त्यांनी हाताकडं बघितलं, मग पातेल्याकडं, मग परत हाताकडं. "मला कळलंच न्हाय गं," एवढंच बोलले.

तव्यावरची भाकरी ते उघड्या हातानं परतायचे. इंजिनवाल्याचा हात, घट्टे पडलेत, असं मी शेजारणींना कौतुकानं सांगायची. माझ्यासारखी मूर्ख बाई मीच.

दवाखान्यात डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली. बोटं, तळवे, दोन्ही हात. महारोग म्हणाले. आता गोळ्या निघाल्यात, रोग थांबेल, पण हातांची गेलेली जाणीव परत यायची नाही. मोटरसायकल दुसऱ्या दिवशी दुकानाचा माणूस येऊन घेऊन गेला. मुठी तशाच उघड्या होत्या. नोकरी तिच्याबरोबरच गेली.

त्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्यावर मी चहा केला होता. कप पुढं केला, तर त्यांनी न भाजलेला डावा हातही मागं घेतला. "खाली ठेव," म्हणाले.

"आवं, धरा की."

त्यांनी मान हलवली. मला रडू फुटलं. मी कप खाली ठेवून बाजूला झाले, तेव्हा कुठं उचलला. त्यानंतर अकरा वर्षं एका घरात राहिलो. त्यांनी मला एकदाही हात लावला नाही.