डॉक्टरांची बिनआवाजाची गाडी

जनावरांच्या दवाखान्यात पेशंट बोलत नाही. त्यामुळं सगळं बोलणं आमच्याच वाट्याला येतं! सकाळची गर्दी ओसरली, की लिंबाखाली खुर्च्या टाकायच्या, चहा मागवायचा आणि एकमेकांची लाज काढायची, हा आमचा रिवाज.

हायवे सोडून जळकोटपासून थोडं आत आमचं गाव. दवाखान्यात माणसं मोजकी. मॅडम, म्हणजे आमच्या पशुवैद्यकीय अधिकारी, माझ्याहून वयानं लहान आणि हुद्द्यानं मोठ्या. काझीभाई ड्रेसर, म्हणजे जनावरांची मलमपट्टी करणारे, त्यांची सगळी नोकरी याच आवारात गेली. आणि मी पशुधन सुपरवायझर. गावात मात्र मला ‘डॉक्टर’ म्हणतात. मीही कधी कुणाची दुरुस्ती केलेली नाही!

पूर्वी लिंबाखाली सगळ्यांचेच किस्से निघायचे. मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आणि बाकीच्यांचं दुकानच बंद पडलं.

*

माझी जुनी मोटारसायकल थकली होती. रोजचं फिरणं जवळपासच्या वाड्या-वस्त्यांचं, लांब कुठं जायचं नाही. मग नवी पेट्रोलची घ्यावी की इलेक्ट्रिक? यावर मी इतका विचार केला, की तेवढ्यात आमच्या शेजाऱ्याची गाय गाभण राहिली, व्याली, तिचं वासरू चरायला लागलं, तरी माझं ठरेना!

काझीभाई कट्टर पेट्रोलवाले. ते म्हणाले, “साब, पेट्रोल संपलं तर बाटलीत आणता येतंय. करंट बाटलीत आणणार का?”

मी त्यांना प्रदूषण, खर्च आणि येणारा काळ या विषयांवर दवाखान्यातच मोठं लेक्चर दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “समदं खरं. पण आपल्या गावात लाइट कवा असती, तेवढं सांगा.”

नेमका त्याच क्षणी वरचा फॅन थांबला!

घरी बायकोला विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “घ्या की. फक्त चार्जिंगला लावायचं ध्यानात ठेवा. तुमचा मोबाइल रोज मीच लावते.”

एवढं झाल्यावर माघार घेणं शक्यच नव्हतं. हट्टानं इलेक्ट्रिक घेतली.

*

गाडी आली त्या दिवशी पेढे वाटले. दवाखान्यासमोर वीरभद्रअप्पांची पिठाची गिरणी आहे. अप्पा वयस्कर, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलता बोलता मधेच कानडीत शिरणारे. गिरणीत दळणाला बायकांची गर्दी होती. एवढं पब्लिक आयतं मिळालं म्हटल्यावर मी गाडी थेट गिरणीच्या दारात लावली आणि गुण सांगायला सुरुवात केली.

“धूर नाही, आवाज नाही, किक नाही. आता सांगा अप्पा, ही गाडी चालू आहे का बंद?”

“बंद हाय,” अप्पा म्हणाले.

“बंदच आहे!” मी म्हणालो आणि ॲक्सिलेटर पिळून दाखवला.

ती चालू होती.

गाडी उंबऱ्यावरून उडी मारून आत गेली, दोन डबे आडवे झाले आणि मी पिठाच्या पेटीला मिठी मारून थांबलो. सगळीकडं पांढरं पांढरं! बायका भिंतीला चिकटलेल्या. मला काही लागलं नाही, पण डोळे उघडले तर पापण्यांवरून ज्वारीचं पीठ गळत होतं.

अप्पांनी गिरणी बंद केली. “अय्य शिवने!” म्हणाले आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून गंभीरपणे बोलले, “डॉक्टर, दळणाला नंबर असतोय.”

*

जुन्या मोटारसायकलीचा एक फायदा गेल्यावर कळला. तिचा आवाज ओढ्यापलीकडूनच वस्तीवर पोचायचा. मग कुणी गाय बांधून ठेवायचा, कुणी हात धुवायला गरम पाणी काढायचा. मी पोचेपर्यंत सगळी तयारी. मला वाटायचं, काय आदर आहे माझा! तो आदर सायलेन्सरचा होता.

नव्या गाडीवर पहिल्याच आठवड्यात एका वस्तीवर गेलो. म्हैस दोन दिवस खात नव्हती. मी गोठ्यामागं गाडी लावली, बॅग काढली. कुणालाच पत्ता नाही. म्हशीचा मालक माझ्याकडं पाठ करून शेजाऱ्याला सांगत होता, “आवो, त्यो कशाला येतोय? बसला आसंल लिंबाखाली चहा ढोसत. त्याला दोन इंजेक्शनं येत्यात. एक देऊन बगतो, न्हाय जमलं की दुसरं.”

मी खाकरलो. “आलोय.”

तो गर्रकन वळला. मला वाटलं, आता ओशाळेल, हात जोडेल. कसलं काय! उलट माझ्यावरच डाफरला, “आलाव व्हय? मग आवाज तरी करावा माणसानं!”

म्हैस बरी झाली. दुसऱ्या इंजेक्शननं.

*

लाइटचं काझीभाई बोलले होते ते खरंच होतं. घरी रात्रीची लाइट गेली, की सकाळी गाडी अर्धपोटी. मग ज्या वस्तीवर लाइट असेल तिथं वायर लावायची. माणसं मोठ्या मनाची. नाही कुणी म्हणालं नाही. फक्त प्लग लागला, की घरातून आवाज यायचा, “डॉक्टर, तवर बसूनच हाव तर जरा शेळी बगता का?”

शेळी बघून होते तोवर शेजारीण तिची शेळी घेऊन हजर. तिच्यामागं कोंबड्यांची पाटी. एकदा तर एक आजोबा स्वतःचा गुडघा घेऊन आले! मी सांगितलं, “आजोबा, मी जनावरांचा.” ते म्हणाले, “मग काय झालं? हाड ते हाडच की!”

त्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यात परतलो तेव्हा अंगाला शेळ्यांचा वास, शर्टाला कोंबड्यांची पिसं. काझीभाईंनी गाडीचा डिस्प्ले पाहिला, मग माझं तोंड पाहिलं.

“गाडी फुल्ल,” ते म्हणाले, “आन साब डिस्चार्ज!”

*

आता कुणाला वाटेल, पेट्रोलवाले मोठे शूर. त्यांचंही सांगतो.

लसीकरणाचे दिवस होते. दोन्ही बाजूंनी ऊस, मधून बैलगाडीची वाट. पुढं मी इलेक्ट्रिकवर, मागं काझीभाई त्यांच्या फटफटीवर. वळणावर समोर गावचा वळू! रस्ता अडवून उभा, मान खाली, खुरानं माती उकरतोय.

“साब, मागं घ्या!” काझीभाई ओरडले आणि घाबरून त्यांनी स्वतःची गाडी बंद केली. माझ्या गाडीला रिव्हर्सचं बटण आहे, याचा मला फार अभिमान. मोठ्या तोऱ्यात दाबलं. गाडी टीं-टीं करत मागं निघाली आणि काझीभाईंच्या चाकावर जाऊन बसली. आता मला मागं जाता येईना आणि त्यांची चालू होईना. ते किका मारतायत, माझी गाडी टीं-टीं करतेय आणि वळू दोघांकडं आळीपाळीनं बघतोय.

मी म्हणालो, “काझीभाई, पेट्रोल आहे का?”

“पेट्रोल हाय, साब. दम न्हाय.”

तेवढ्यात उसातून डोक्यावर वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा घेतलेली एक बाई बाहेर आली. तिनं भाऱ्यातून चार वाढे ओढले, वळूपुढं धरले आणि “चल रं बाळा” म्हणत त्याला शेरडासारखा घेऊन गेली. जाता जाता आमच्या अंगावरच्या सरकारी जॅकेटांकडं बघून म्हणाली, “दोन-दोन डॉक्टर, आन बाळाला भ्येलाव व्हय?”

*

एकदा मात्र मी कुणालाच बोलायला जागा ठेवली नाही, असं मला वाटलं होतं. गावाच्या अलीकडं बॅटरी संपली. उन्हात गाडी ढकलत निघालो. मागून मॅडमची कार आली, काच खाली झाली. मॅडम स्वभावानं चांगल्या, पण लिंबाखाली त्याही बसतात. त्यांना खरं सांगण्याची सोय नव्हती.

“गाडी बंद पडली का?” त्यांनी विचारलं.

“छे छे! वॉकिंग करतोय, मॅडम. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“मग गाडी कशाला बरोबर?”

मला सुचेल ते बोललो, “तिलाही सवय हवी ना!”

मॅडमनी मान डोलावली, काच वर केली आणि गेल्या. मी खूश! दवाखान्यात पोचलो, तर लिंबाखाली माझ्या खुर्चीसमोर पाण्याची बादली आणि वैरणीची पेंढी ठेवलेली. मॅडम म्हणाल्या, “दमून आली असेल बिचारी. आधी तिला पाणी दाखवा!”

*

आणि आता यमुनाबाईच्या गाईचं.

यमुनाबाईची वस्ती माळावर. पोरं पुण्याला कामाला. इथं ती आणि तिची गाय, एवढंच घर. गाय पहिलारू, पहिलंच वेत. दुपारी यमुनाबाईचा फोन आला, रडत रडतच. “डॉक्टर, गाय आडलीया वो. वासराचा एकच पाय दिसायलाय. दावं तोडून रानात गेलीया, जवळ येऊ दीना. पुतण्या फटफटी घेऊन आला, तर आवाजानं आनखीच पळाली. आसंच पळत ऱ्हायली तर मरंल की वो!”

मॅडम मीटिंगसाठी धाराशिवला गेलेल्या. काझीभाईंनी सवयीनं फटफटीची किल्ली काढली होती, ती खिशात परत ठेवली. मुकाट्यानं माझ्यामागं बसले. इलेक्ट्रिक की पेट्रोल, हा निकाल पहिल्यांदाच इतक्या झटपट लागला, तोही गाईनं लावला!

गाय कापणी झालेल्या तुरीच्या रानात, बांधाच्या कडंला उभी होती. अंग थरथरतंय, डोळे पांढरे. मी चालण्याच्या वेगानं गाडी नेली. तिनं कान टवकारले. मी थांबलो. कान खाली पडले, मी पुन्हा निघालो. काझीभाई मागून हळू आवाजात बोलत होते, “आजा बेटी, कुछ न्हईं, कुछ न्हईं.” अगदी तिच्या मानेजवळ पोचलो आणि त्यांनी बसल्या जागेवरून कासरा तिच्या गळ्यात टाकला.

हात धुऊन आत घातला. वासराचा दुसरा पाय गुडघ्यात दुमडून अडकलेला. मॅडमना फोन लावावा म्हटलं तर वस्तीवरची रेंज इथं रानात नाही. कळ थांबली की वासरू आत ढकलायचं, पाय चाचपायचा. कळ आली की हात चिरडून घ्यायचा. कितीदा निसटला कोण जाणे. शेवटी खूर मुठीत आलं, पाय सरळ झाला. काझीभाईंनी कळेबरोबर ओढलं आणि वासरू भसकन बाहेर आलं.

पण निपचित. श्वास नाही. यमुनाबाई पदर तोंडावर घेऊन मटकन खाली बसली. मी नाक साफ केलं, काझीभाईंनी पोत्यानं छाती खसाखसा चोळली. काहीच नाही. मग एक काडी उचलून नाकपुडीत फिरवली.

वासरू शिंकलं!

यमुनाबाई एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. गाय वळली आणि वासराला चाटायला लागली. काझीभाईंनी तोंड पलीकडं केलं. घाम पुसतोय म्हणाले.

थोड्या वेळानं यमुनाबाई घरातून हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आली. गाईला लावलं. वासराला लावलं. मी शर्टाच्या बाह्या खाली केल्या, केसांवरून हात फिरवला आणि कपाळ थोडं पुढं करून उभा राहिलो. ती माझ्या बाजूनं पुढं गेली आणि तिनं स्कूटरच्या हेडलाइटवर हळदी-कुंकवाची पाच बोटं ओढली. मग पदरानं सीट पुसली, हात जोडले.

आम्ही निघालो, तर गाडी जागची हलेना. बॅटरी संपलेली.

यमुनाबाई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या तिला आज हितंच. लई दमलीया. तुमी जावा की चालत.”