दुसऱ्या धक्क्याची भीती

दादा गेल्याचा फोन वहिनीने केला, तेव्हा मी अमरावतीला शाळेतून नुकतीच घरी आले होते. "ताई, तुमी निघा लवकर," एवढंच बोलली... अकोल्याच्या बसमध्ये मला रडू आलं नाही. भीती वाटली. तशी भीती त्याआधी एकदाच वाटली होती, जर्मनीत, त्याच्या कारखान्याच्या आवारात.

दादा चांदूर बाजारला वाढला, केमिकल इंजिनिअर झाला आणि तिकडच्या एका साखर कंपनीत लागला. तिथे ऊस नाही. आपल्या लाल बिटाचं पांढरं, जाडजूड भावंड असतं, त्याची साखर काढतात. त्या कंपनीचा इतिहास त्याला घरच्या वंशावळीसारखा पाठ होता. गावच्या शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवून ती काढली, पहिल्या महायुद्धात घोडे सैन्याने नेले तेव्हा बायकांनी बिटाच्या गाड्या ओढल्या, दुसऱ्यात कैद्यांना राबवलं. हे शेवटचं सांगताना त्याचा आवाज खाली जायचा. आणि मध्येच कधीतरी साखरेचं गोदामच उडालं होतं.

मी त्याच्याकडे गेले तेव्हा ऐन हंगाम होता. फाटकाजवळच्या दगडावर नावं कोरलेली होती. "हे सारे साखरेनं मेले," दादा म्हणाला. मला हसू आलं.

"हासू नको वं. साखरेची बारीक धूळ हवेत उडाली अन् ठिणगी पडली, का बारूदच समज. पयला धक्का लहान असते. त्यानं वरची साचलेली धूळ खाली येते, अन् मंग दुसरा..."

त्याच दुपारी भोंगा वाजला. करपलेल्या साखरेचा वास सुटला, माणसं धावत बाहेर आली. एक सफाई कामगार आतच राहिल्याचं कळलं. दादा मागे वळला. मी त्याचा कोट धरला.

"दादा, नको जाऊ! कुठी चालला?"

"सोड. त्याले भोंगा ऐकू येत नाही."

तो आत गेला. पहिला धक्काही झाला नव्हता आणि मी दुसऱ्याची वाट पाहत होते... मग दोघं बाहेर आले, पापण्यांपर्यंत पांढरे. फक्त साखर वाहून नेणारा एक पट्टा घासून जळला होता. दादाचे दात वाजत होते. "लय भेलो वं," तो म्हणाला. "आई आठवली."

पुढे एका मोठ्या कंपनीने तो कारखाना घेतला, बंद केला, पाडला. दादा अकोल्याला जठारपेठेत येऊन राहिला. गेल्या उन्हाळ्यात हृदयाच्या ऑपरेशनला नेताना त्याने माझा हात धरला. "तुहा हात काहून थंडा पडला? भेऊन तं मी राहिलो." ऑपरेशन नीट झालं, तो घरी आला. आम्ही सुटलो असं वाटलं.

घरी तो दर रविवारी स्टुलावर चढून कपाटांचे माथे ओल्या फडक्याने पुसायचा. वहिनी हसायची, "घरात साखरेचा एक डबा, अन् भेव केवढं!"

तो गेल्यापासून ते कुणी पुसले नव्हते. मागच्या रविवारी मी त्याच्या खोलीत स्टुलावर चढले. कपाटावर बोट फिरवलं, तर जाड थर. खाली वहिनी दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी होती.

"हळू, ताई," ती म्हणाली. "उडवू नका."