सहा रविवार, एकच ओळ

हेमलताअक्कांच्या वर्गात पुढं सरकायची एकच अट होती. शिकलेली ओळ आठवड्यात वापरली कुठं, ते प्रत्येकानं सांगायचं. एकाची जरी राहिली, तरी पुढच्या रविवारी सगळ्यांना तीच ओळ. अक्का निवृत्त नर्स. चामराजपेटेतल्या आपल्या घरात अकरा वर्षं त्या हा बायबलवर्ग चालवत होत्या आणि एवढ्या काळात बायबलमधली पुस्तकं झाली होती चार.

आता याकोबाच्या पत्रातल्या एका ओळीवर सातजण पाच रविवार अडकले होते. ऐकायला चपळ असावं, बोलायला सावकाश आणि रागवायलाही सावकाश. अडकवलं होतं कल्लाप्पानं.

कल्लाप्पा निपाणीकडचा. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टर्नर, युनियनचा सेक्रेटरी. शाळा सातवीपर्यंत, पण कामगार कायदा तोंडपाठ. साहेबाच्या तोंडावर बोलणारा एकच माणूस म्हणून त्याचं नाव होतं, आणि त्या नावाचा त्याला माज होता.

"अण्णा, माझ्या रिक्षाचं परमिट संपेल, पण तुझी ओळ संपायची नाही," वर्गातला दयानंद म्हणाला. "एकदा गप्प बसून दाखव की!"

"अन्याय बघून गप्प बसू? मेंढरू नाही मी."

"गप्प बस कुणी म्हटलंय?" अक्का म्हणाल्या. "आधी ऐक म्हटलंय. बुधवारी चौकशी आहे ना तुझी?"

"माझी नाही. प्रियदर्शनीची."

प्रियदर्शनी ड्रिलिंग मशीनवर होती. साठ कास्टिंगना बाराऐवजी साडेबारा मिलिमीटरचं भोक पडलं आणि सगळा माल भंगारात गेला. सुपरवायझर जयसिंगरावानं लिहून दिलं, की बाईनं न विचारता चुकीचा ड्रिल लावला. तिला घरी बसवलं होतं; चौकशीत हे टिकलं तर नोकरी गेली. तिच्या बाजूनं बोलायला कल्लाप्पा. याआधी दोन चौकशांत तो टेबल आपटून बाहेर पडला होता, मागं जिंदाबादही झाली होती. नोकऱ्या मात्र दोन्ही गेल्या.

बुधवारी मीटिंग रूममध्ये चौकशीला नेमलेला वकील लिहून घेत होता. जयसिंगराव बोलायला लागला आणि पहिल्याच वाक्याला कल्लाप्पाची कानशिलं तापली.

"सर, ह्या बायकांचं लक्षच नसतं कामात. आणि ह्यांचे पुढारी! रविवारी बायबल बगलेत, सोमवारी कामगारांना फूस."

कल्लाप्पा अर्धा उठला. शेजारी प्रियदर्शनीनं मान वर केली. तिची नजर वकिलाकडे नव्हती, जयसिंगरावाकडे नव्हती. ती कल्लाप्पाकडे बघत होती, आणि भेदरली होती ती त्यालाच.

तो खाली बसला. खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरली.

जयसिंगराव थांबला. आरडाओरड्याची तयारी करून आला होता बिचारा, समोर नुसती शांतता. "बोल की, गप्प का? पटलं ना?" कल्लाप्पा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. वकिलाचं पेन वाट बघत होतं. मग जयसिंगराव बोलतच सुटला. मशीन जुनं, बाई नवी, टार्गेट मोठं. "आता त्या दिवशी बाराचा ड्रिल तुटला. मी स्वतः चिठ्ठी देऊन स्टोअरमधून नवा आणला, स्वतः बसवून दिला. एवढं केलं तरी हिला नजर नको?"



"सर, हे ड्रिल बसवल्याचं वाक्य लिहून घ्या," कल्लाप्पा सावकाश म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. "आणि स्टोअरची चिठ्ठी मागवा."

चिठ्ठी आली. ड्रिल साडेबाराचा. खाली सही जयसिंगरावाची.

शनिवारी प्रियदर्शनी कामावर हजर झाली.

रविवारी दयानंद मैसूरपाकाचा डबाच घेऊन आला. बातमी त्याला लागली होती. "सुटलो रे देवा! अक्का, उलटा पान."

"त्याला सांगू दे. वापरलं कुठं, कल्लाप्पा?"

कल्लाप्पानं चौकशीचं सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. इथंच थांबला असता तर कुणाला कळणार होतं? ह्या वर्गातलं त्या कारखान्याकडे कोण जात होतं? पण अक्का अजून बघतच होत्या.

"त्याच संध्याकाळी कारखान्याच्या फाटकावर जयसिंगराव भेटला. मी त्याला चोर म्हटलं. आणखीही बोललो, इथं सांगवत नाही. त्याची मुलगी स्कूटरवर न्यायला आली होती. तिच्यादेखत."

"खोटं थोडंच बोललास?" दयानंद पुटपुटला.

"तो काही न बोलता मागं बसला. पोरीनं स्कूटर काढली, पण पहिल्यांदा सुरूच होईना. सगळे हसत होते. मीपण."



"म्हणजे पुढच्या रविवारी तेच," कल्लाप्पा स्वतःच म्हणाला. दयानंदनं कपाळाला हात लावला, पण डबा उघडला. "घ्या. मैसूरपाकाला थांबायला वेळ नाही."

"अक्का, उद्या सकाळी फाटकावरच गाठतो त्याला. सगळ्यांसमोर बोललो, तर सगळ्यांसमोरच माफी. पण ड्रिलचं मागं घेणार नाही."

"घेऊ नकोस. ते खरं आहे."

"मग काय म्हणू? दोन वाक्यं सांगा, पाठ करतो."

"सरी, ठीक आहे, जा तू," अक्का म्हणाल्या. "माफी माग आणि थांब. तो काय म्हणतो ते आधी ऐक."