सोलांचं ऊन

आमच्या गल्लीत कुणी काहीही रस्त्यावर वाळत घालू नये, हा नियम मी लिहिला. तोही दुपारी दोन वाट्या सोलकढी ओरपून, मिशा पुसून झाल्यावर.

गल्ली पेडणे शहराच्या वरच्या अंगाची. मोप्याला विमानतळ झाला आणि इथल्या काजूच्या उतारावर बंगले उगवले. पांढऱ्या भिंती, काळी फाटकं, फाटकाआड कुत्री, आणि मालक वर्षातून दोनदा. बारा महिने चूल पेटते ती दोनच घरांत. एक माझं आणि दुसरं माझ्या पूर्वेला काकींचं, बसकं, कौलारू, पुढ्यात सारवलेलं खळं. काकी नात्याच्या नव्हेत, पण सगळ्यांच्याच काकी. मी मूळचा कोरगावचा. पणजीत सरकारी खुर्ची उबवून निवृत्त झालो आणि इथे दुमजली घर बांधलं. दोन मजले पुरत होते. तिसरा दोन वर्षांपूर्वी चढवला, तो पाहुण्यांना विमानं उतरताना दाखवायला. आजवर तीन पाहुणे वर चढले, त्यातल्या एकाला चक्कर आली.

काकी दर उन्हाळ्यात भिरंडांची, म्हणजे रातांब्यांची, सोलं करायच्या. साली त्यांच्याच रसात मीठ घालून बुडवायच्या, वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. अशी चार-पाच कडक उन्हं खाल्ली की सोल काळंभोर होतं आणि वर्षभर टिकतं. ऊन कमी पडलं तर बुरशी, मग सगळं उकिरड्यावर. सावंतवाडीला दिलेल्या लेकीसाठी त्या ती करायच्या, आणि त्यातलीच एक बरणी न मागता आमच्याकडे यायची. गेली दोन वर्षं मात्र त्यांच्या चटया खळ्यातून उठून रस्त्याच्या कडेला आल्या होत्या. का, ते मी विचारलं नाही. खाणाऱ्याने कशाला विचारायचं?

मग सुट्टीला आलेल्या मालकांची बैठक भरली. एकजण म्हणाला, वस्तीला एक रुबाब असतो, रस्त्याच्या फरशीवर हे लाल डाग बरे दिसत नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण लिहायला कुणी पुढे होईना. माझी त्या मंडळींत ऊठबस नवी. कॉफीचा कप बशीत ओतू की नको, या विवंचनेत मी होतो. आपणही यांच्यातलेच, हे दाखवायची संधी दिसली आणि मी म्हणालो, मी लिहितो. इंग्रजी त्यांनी केलं, मराठी मी. ‘परिसराचे सौंदर्य अबाधित राखण्याच्या दृष्टीने’ अशी सुरुवात. पाठीवर थाप मिळाली. थाप देणाऱ्यांपैकी एकालाही मराठी वाचता येत नव्हतं. मराठी नोटीस वाचणारं माझ्याखेरीज गल्लीत एकच घर होतं, आणि हे मला लिहितानाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी चटया उठल्या. काकी भांडायला आल्या नाहीत, तेव्हा मला वाटलं, भाषा सौम्य होती म्हणून पटलं असणार. आठ दिवस मी त्या स्वच्छ फरशीवरून उगाच फेऱ्या मारल्या.

मे संपत आला तशी बायको म्हणाली, यंदा सोलं आली नाहीत, बघून या. तिला नोटिशीचं मी काही सांगितलं नव्हतं. रिकामी बरणी घेऊन निघालो. चार वाजले होते. रस्त्यावर डोळे दिपवणारं ऊन, आणि काकींच्या खळ्यात पाऊल टाकलं तर गारवा. सोलं तिथेच पसरलेली. त्यांवर पांढरी लव आली होती.

सकाळचं ऊन पलीकडच्या बंगल्याने अडवलेलं, हे मला माहीत होतं. दुपारचं कुणी अडवलं म्हणून पाहिलं, तर खळ्यातल्या सावलीच्या कडेला नक्षी होती. कमळाच्या कळ्यांची. माझ्या गच्चीच्या कठड्याची ती नक्षी मी म्हापशात चार दुकानं पालथी घालून निवडली होती.

काकी सूप घेऊन बाहेर आल्या आणि बुरशी आलेली सोलं गोळा करू लागल्या. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाल्या, “कागद तूच लिवलंस. इतक्या गोडीन ‘नको’ म्हणणारो हय दुसरो कोण आसा?”

मी नोटीस काढून टाकतो म्हणालो. त्या म्हणाल्या, आता पाऊस दारात आलाय, रस्ता मिळून उपयोग काय. लेकीला यंदा विकतची घ्यायला सांगितलं आहे. मग माझ्या हातातली बरणी त्यांनी काढून घेतली, आत गेल्या आणि गेल्या वर्षीची उरलीसुरली सोलं तळाशी घालून परत आणली. मला ती घेववेना आणि परतही करवेना. काहीतरी भरपाई सुचायला हवी होती. सुचली ती अशी:

“काकी, फुडल्या वर्षी आमच्या गच्चीत घाल गे सोलां. वयर दिवसभर ऊन आसता.”

काकींनी मान वर करून माझ्या कठड्याकडे पाहिलं.

“आसतला मरे. माज्या खळ्यातला वयर न्हेलंस, ता जातला खंय?”