साहेबांच्या बोटीवरचे शुक्रवार

दर शुक्रवारी पाण्यावर जाऊन आलं की सांगायला काहीतरी जमतंच. अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या शेजारणी ऐकून हसतात. तिथे मात्र माझा जीव टांगणीला लागलेला असायचा, कारण पोहता मला येत नाही, यांनाही नाही, आणि कडेवर तीन वर्षांची मिनू!

यांचे साहेब हॉलंडचे. तिकडची जुनी, माल वाहायची शिडाची बोट त्यांनी हौसेने दुबईला आणलेली. सुटीच्या दिवशी दोर ओढायला माणसं लागत, म्हणून आम्ही.

*

पहिल्याच दिवशी पाहिलं, तर बोटीच्या दोन्ही अंगांना दाराएवढ्या फळ्या लटकलेल्या. मी यांना हळूच म्हटलं, "निखळल्यात बघा, साहेबांना सांगा."

साहेबांनी समजावलं, की बोट तळाला सपाट आहे, फळी पाण्यात सोडली नाही तर वाऱ्याने आडवी सरकत जाते. ऐकून मी जास्तच घाबरले. म्हणजे ही आपली आपण सरळ जातच नाही!

*

एकदा खाडीत पूल आला. डोलकाठी पुलाहून उंच. मी ओरडणार तेवढ्यात साहेब "यल्ला" म्हणाले आणि यांनी दोर सैल करत करत अख्खी डोलकाठी मागे निजवली. मी मिनूला पोटाशी धरून डोळे मिटलेले. पूल गेला, डोलकाठी परत उभी राहिली.

मिनू म्हणते, "मम्मी, अगेन!"

*

एका ओहोटीला बोट वाळूवर बसली. मी देवाचं नाव घेतेय, आणि हे दोघं शिडी लावून खाली उतरले नि बोट घासायला लागले. त्यासाठी मुद्दामच बसवली होती, मला सांगायचं राहून गेलं म्हणे.

"आणि भरती नाही आली तर?"

"येईल, इन्शाल्ला," हे म्हणाले.

*

मग साहेबांची आई आली, ऐंशीच्या पुढची. अशाच बोटीवर जन्मलेली, तेच त्यांचं घर. मी मिनूला सकाळपासून धरून बसलेली, हात भरून आलेले, पोर रडतेय. आजीने एक दोर घेतला, मिनूच्या कमरेला बांधला, दुसरं टोक डोलकाठीला. काठापर्यंत पोहोचणार नाही एवढाच लांब. मिनू खुशाल हिंडायला लागली.

मला राग आला. शेळी आहे का माझी पोर? साहेब म्हणाले, तिकडे बोटीवरची मुलं अशीच वाढायची, आई आणि तिची भावंडंसुद्धा.

मी यांना म्हटलं, "विचारा, कधी कोणी पडलं नाही ना?"

यांनी इंग्रजीत विचारलं, साहेबांनी त्यांच्या भाषेत. आजी उठून डोलकाठीपाशी गेली आणि मिनूच्या दोराला अजून एक गाठ मारली.